पस्तीस हजारांत चारी बाजूंनी आवाज

दुकानात दोन गोष्टी कोणी न सांगता साठत जातात. वायरीचे तुकडे आणि काका लोकांचे किस्से. तुकडे शेठ महिन्यातून एकदा भंगारवाल्याला देतात. किस्से भंगारवालाही घेत नाही, म्हणून ते माझ्याकडे पडून आहेत.

दुकान भाईंदर पूर्वेला, नवघर रोडवर. पुढे टीव्ही, मिक्सर, पंखे, इस्त्र्या. मागे दहा बाय बाराची एक खोली. तिच्यात गालिचा, एक खुर्ची, पाच स्पीकर, ढमढम वाजणारा एक सबवूफर आणि या सगळ्यांना चालवणारा काळा डबा, म्हणजे रिसीव्हर. टीव्हीकडून आवाज घ्यायचा, त्यातला कुठला भाग कुठल्या स्पीकरला द्यायचा ते ठरवायचं, आणि तो वाजवायची ताकदही द्यायची, एवढं सगळं तो एकटा डबा करतो. ही आमची डेमो रूम. ती मी चालवतो.

मी ओंकार. इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षात सोडलं. का सोडलं विचारणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला माझं एकच उत्तर असतं. दोन वर्षांत तिथे एकाही सरांनी एकही वस्तू उघडून दाखवली नाही! फळ्यावर सर्किट काढायचं, पुसायचं, परत काढायचं. इथे पहिल्याच दिवशी हसमुखशेठनी बंद पडलेला एक रिसीव्हर आणि स्क्रू ड्रायव्हर माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "खोल के देख." एवढं तीन शब्दांचं वाक्य बोलायला कॉलेजला कोणी अडवलं होतं?

पण आता तेच शेठ खोलीच्या मागे लागलेत. "लोग साउंडबार लेते हैं, बेटा. एक लंबा डंडा, एक वायर, खतम. तेरे रूम में आदमी बैठता है, एसी खाता है, सवाल पूछता है और चला जाता है." दसऱ्यापर्यंत मुदत दिली. नंतर खोलीत साउंडबारचे खोके लागणार, आणि मी पुढे बसून इस्त्र्या विकणार.

मी भांडलो. तेव्हा त्यांनी अट घातली.

"मैंने दुकान खोली, तो पहली बोहनी मेरे बापू ने की. पूरे दाम में पंखा लिया. एक रुपया कम नहीं कराया. तू तेरे पप्पा को अख्खा सेट बेच के दिखा, रूम तेरा. जो घर में नहीं बेच सका, वो भाईंदर में क्या बेचेगा?"

माझे बाबा दोन वर्षांत दुकानाची पायरी चढलेले नाहीत. भाजी आणायला रोज याच रस्त्याने जातात. पण समोरच्या फुटपाथने.

* * *

सावंतकाका गिरगावातली खोली विकून इथे आले. आता टू बीएचके आहे. त्यांचा भाचा परदेशी जाताना पाच स्पीकर आणि सबवूफर त्यांच्याकडे टाकून गेला. चांगला माल होता. फक्त रिसीव्हर हवा होता.

"स्पीकर फुकट मिळालेत," काका म्हणाले, "मग डबा पण त्याच भावात द्या."

बजेट विचारलं तर पस्तीस हजार. मी ऐंशी वॅटचा एक रिसीव्हर काढला. काका खवळले.

"ऐंशी? अरे, रस्त्यावर तीन हजारांत डबा मिळतो, त्यावर बारा हजार वॅट लिहिलंय! मला काय येडा समजतोस?"

मी समजावलं. खोक्यावरचा आकडा वेगळा आणि खरा आकडा वेगळा. खोक्यावरचा म्हणजे एका क्षणापुरती, कागदावर निघणारी ताकद. खरा म्हणजे डबा तासन् तास देऊ शकतो तो. आणि आमचे हे ऐंशीसुद्धा दोनच स्पीकर चालू ठेवून मोजलेले असतात. पाचही एकदम वाजले की कमी.

काकांचा चेहरा कोराच. ही पिढी मोबाइलवर आलेला कुठलाही आकडा डोळे मिटून मानते आणि समोरच्या माणसाने सांगितलेला मानत नाही. शेवटी वैतागून मी म्हणालो, "काका, खोक्यावरचे बारा हजार म्हणजे सुपर बिल्ट-अप, जिना-लिफ्ट सगळं धरून. माझे ऐंशी म्हणजे कार्पेट, घरात पाय ठेवता येतो तेवढंच."

काका खुर्चीत सरळ बसले. डोळे चमकले. खिशातून चष्मा काढला, डब्याची मागची बाजू स्वतः वाचली, आणि एकदम बिल्डरला कार्पेटवर किती चढवलंय ते विचारायच्या आवाजात म्हणाले,

"मग लोडिंग किती टक्के?"

* * *

शेठची विकायची स्वतःची पद्धत आहे. ते गिऱ्हाइकाला रिसीव्हर उचलायला लावतात. "उठाओ. अब ये उठाओ. कौन सा भारी? वही लो."

मला हे बघून डोकंच फिरायचं. आवाज काय किलोवर मिळतो का? मी शेठना हे तोंडावर बोललोही. ते हसले आणि इस्त्रीचा डबा पुसत बसले.

गोडदेवचे पाटीलकाका आले तेव्हाही शेठनी तेच केलं. पाटील मूळचे इथले. त्यांची मिठागरं होती, भातशेती होती. आता त्या जागेवर बिल्डिंगा आहेत आणि काकांच्या हातात अंगठ्या. त्यांनी दोन्ही रिसीव्हर उचलले आणि म्हणाले, "हाताचा काय भरोसा न्हाय. काटा आन."

काटा आमच्याकडे नाही. शेजारी कांदे-बटाट्याचं दुकान आहे. काका एकेक रिसीव्हर काखेत मारून तिकडे गेले. कांद्याचं टोपलं बाजूला, रिसीव्हर काट्यावर. चार बायका पिशव्या घेऊन थांबलेल्या, एक बाई विचारतेय, "हे काय भावाने दिलं?" पहिला सहा किलो. दुसरा साडेआठ. किंमत जवळजवळ सारखी.

काका साडेआठवाला घेऊन परत आले. माझ्या टेबलावर ठेवला. त्यावर थाप मारली.

"यात हाडं किती, त्ये सांग."

मी दोन्ही उघडले. आता मलाही बघायचं होतं! आणि झाली पंचाईत. जड डब्यातला ट्रान्सफॉर्मर चांगला मोठा होता. उष्णता बाहेर टाकणारी अॅल्युमिनियमची जाळी दुप्पट. हलक्यात पत्राच पत्रा. म्हणजे ज्या गोष्टीवरून मी शेठना दोन वर्षं नावं ठेवली, ती निम्मी तरी खरी होती. निम्मीच, कारण एका जाहिरातबाज डब्यात वजन वाढवायला तळाला लोखंडाची पट्टी बसवलेली मी स्वतः पाहिलीय.

शेठ बघत होते. काही बोलले नाहीत. याच गोष्टीचा मला जास्त राग येतो.

* * *

पाटीलकाकांची गोष्ट तिथे संपली नाही. त्यांच्याकडे स्पीकर आधीच होते, भारी होते, आणि त्यांच्या मागे लिहिलं होतं, चार ओहम. आमच्या स्वस्तातल्या रिसीव्हरच्या मागे लिहिलेलं असतं, कमीत कमी सहा.

काकांचा हिशेब सोपा. "चार म्हंजे सहापेक्षा कमी. कमी म्हंजे हलका. हलक्याला हलकी मशीन चालल."

बहुतेक जण हीच चूक करतात. कमी ओहमचा स्पीकर रिसीव्हरला सोपा नाही, अवघड असतो. तो जास्त करंट ओढतो. स्वस्त डबा तापतो आणि बंद पडतो, कधी कायमचा. पण हे काकांना कसं सांगायचं? माझ्या प्रोफेसरांनी दोन वर्षं एकच सूत्र फळ्यावर लिहिलं, त्याने वर्गातल्या साठजणांत कोणाला काही कळलं नव्हतं. मलाही नव्हतं. मार्क मिळाले होते.

मी विचारलं, "काका, मिठागरात खाडीचं पाणी आत कसं घ्यायचात?"

"दार असतं बांधाला. फळी वर केली की पानी येतं."

"फळी सगळी वर केली तर?"

"लई पानी येल. कच्चा बांध असल तं फुटल."

"ओहम म्हणजे ती फळी. आकडा कमी म्हणजे फळी जास्त वर. तुमचे स्पीकर फळी वर करून बसलेत. आणि तुम्ही मागताय तो रिसीव्हर कच्चा बांध आहे."

काकांनी मग स्पीकरच्या मागचा आकडा बोटाने पुसून परत वाचला, जणू चिखल लागला होता. "म्हंजे बांध आधी पक्का कराचा. मंग फळी." त्यांनी बजेट वाढवलं नाही. सात स्पीकर चालवणारा चकचकीत हलका डबा सोडून पाचच चालवणारा, पण चार ओहम झेपणारा साधा, जड डबा घेतला. त्याच पैशांत! दुकानात आलेल्या शंभर माणसांत एखादाच हे करतो.

जाताना दारात थांबले. "ह्ये शिकवाला कालेजान चार वर्सं लागतात?"

"मी दोनच केली, काका."

"तरी लई झाली!"

* * *

सावंतकाकांनी शेवटी रिसीव्हर घेतला. लोडिंग काढून. बसवायला मी जाणार होतो, पण काकांना धीर नाही. "वायर लावायला काय डिग्री लागते? ती तर तुझ्याकडेही नाही," म्हणाले. बरोबर होतं, म्हणून मी वायरीचं बंडल त्यांच्या हातात दिलं.

चार दिवसांनी सावंतकाकू स्वतः दुकानात आल्या. पदर खोचलेला. शेठ त्यांना बघून स्टॉकच्या मागे गेले.

"तुमचं मशीन बिघडलंय."

"काय होतंय, काकू?"

"मी किचनमध्ये मालिका ऐकते ना, तर कोणी बोलतच नाही! नुसता वारा येतो. मध्येच दार वाजतं. मध्येच कुत्रं भुंकतं. काल अर्धा तास लग्नातली गर्दी ऐकली. लग्न कोणाचं, ते शेवटपर्यंत कळलं नाही."

मी घरी गेलो. काकांनी अक्कल अशी लढवली होती की मागचे दोन स्पीकर हॉलमध्ये फुकट का घालवायचे, तिथे मागे तर कोणी बसत नाही. म्हणून एक किचनमध्ये, ओट्याच्या वर, मसाल्याच्या डब्याशेजारी. दुसरा बेडरूममध्ये. पुढचे तीन मात्र नीट, टीव्हीखाली. काकांना हॉलमध्ये सगळे संवाद खणखणीत ऐकू येत होते.

मी सांगितलं की माणसांचं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. मागच्या दोघांना फक्त आजूबाजूचे आवाज मिळतात. वारा, टाळ्या, वाहनं. ते खुर्चीच्या मागे लावायचे असतात, म्हणजे आपण त्या जागेत बसल्यासारखं वाटतं.

"म्हणजे," काकू काकांकडे वळल्या, "बोलणारे सगळे तुमच्याकडे. आणि मी आत काय, कुत्र्यासाठी पोळ्या लाटू?"

काका म्हणाले, "बेडरूममध्येही तसंच आहे, तिथे कोणी तक्रार करत नाही."

बेडरूममधून सुनेचा आवाज आला. "मी पहिल्याच दिवशी वायर काढून ठेवलीय."

* * *

तर स्पीकर जागेवर आले. मग मी मायक्रोफोन काढला. प्रत्येक रिसीव्हरबरोबर एक छोटा माइक येतो. तो बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज सोडतो, माइक ऐकतो, आणि डबा स्वतःच ठरवतो की कुठला स्पीकर किती लांब आहे, कोणाचा आवाज किती ठेवायचा. फक्त पाच मिनिटं शांतता लागते.

नवघरमध्ये पाच मिनिटं शांतता! पहिल्यांदा कुकरची शिट्टी. दुसऱ्यांदा खाली भंगारवाला. तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावर ड्रिल. चौथ्यांदा सगळं शांत झालं आणि काका म्हणाले, "झालं का रे?"

पाचव्यांदा झालं. स्क्रीनवर आकडे आले. डावा नऊ फूट. मधला आठ फूट. सबवूफर एकोणीस फूट.

काकांनी चष्मा लावला. सबवूफरकडे पाहिलं. तो सोफ्यापासून हाताच्या अंतरावर होता. मग काहीतरी आठवून ते उठले, कपाटातून मोजायची टेप आणली आणि मला एक टोक धरायला लावलं. हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत चौदा फूट.

"एकोणीस," काका म्हणाले. "मशीन म्हणतंय एकोणीस."

"काका, तसं नसतं ते..."

"फ्लॅट घेताना मला कागदावर हॉल मोठा दाखवला होता! पाच फूट बिल्डरने खाल्ले, म्हणून मी सात वर्षं बोंबलतोय! सेक्रेटरीला बोलाव!"

सोसायटीचे सेक्रेटरी आले. काकांनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि स्क्रीन दाखवली. मी मध्ये मध्ये सांगत होतो की सबवूफरच्या आत स्वतःचं सर्किट असतं, आवाज त्यातून जायला थोडा उशीर होतो, आणि डबा तो उशीर अंतरात धरतो, म्हणून आकडा मोठा. आकडा चुकीचा नाही, बदलायचा नाही, पण तो फुटपट्टीचा आकडा नाही. मलाही हे सहा महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. एका डेमोत आकडा विचित्र आला, तेव्हा मी मॅन्युअलची दीडशे पानं वाचून काढली होती. मला वाटतं, माझ्या आयुष्यातलं पूर्ण वाचलेलं ते पहिलं पुस्तक.

कोणी ऐकत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "सावंत, तुमची टेप चौदा सांगतेय."

"टेप इथल्या बाजारातली आहे. मशीन जपानी आहे. आणि बिल्डर मीरा रोडचा. यातलं कोणाचं खरं धरायचं, तुम्हीच सांगा!"

पुढच्या सोसायटी मीटिंगच्या अजेंड्यावर विषय आहे. मला साक्षीला बोलावलंय.

* * *

देशमुखसाहेब. निवृत्त अधिकारी. नावापुढे साहेब ते स्वतःच लावतात. बजेट चाळीस हजार, स्पीकर आमच्याकडूनच घेणार होते, दसऱ्याला दहा दिवस होते. एवढी मोठी विक्री झाली असती तर शेठना अट विसरायला लावली असती. मी खोली झाडून घेतली, गालिच्याला ब्रश मारला.

प्रत्येक माणूस डेमोला स्वतःचं काहीतरी वाजवायला आणतो, आणि तो काय आणतो ते बघायला मला आवडतं. कोणी आरती आणतो, कोणी लेकीच्या नाचाचा व्हिडिओ. साहेबांनी आणलं होतं स्वतःच्या निरोप समारंभातलं भाषण. सव्वीस मिनिटं. मोबाइलवर घेतलेलं.

"ज्या मशीनवर हे सगळ्यात चांगलं वाटेल ते घेऊ," म्हणाले.

तीन मशीन होती. म्हणजे अठ्ठ्याहत्तर मिनिटं. आमच्या पिढीला म्हणे एका जागी बसवत नाही! मी बसलो. "मित्रहो, आज मागे वळून पाहताना" हे वाक्य मी तीनदा तीन कंपन्यांच्या डब्यांतून ऐकलं.

तिसऱ्यावर साहेब खूश झाले. फक्त एक तक्रार. "टाळ्या समोरून येतायत. लोक माझ्या समोर होते, कबूल. पण आता मी लोकांमध्ये बसलोय ना? टाळ्या मागून आल्या पाहिजेत."

खरं तर फार हुशार मागणी होती. रिसीव्हरमध्ये अशी सोय असते. साध्या रेकॉर्डिंगमधलेही आजूबाजूचे आवाज वेगळे काढून तो मागच्या स्पीकरना देतो. मी ती चालू केली. आणि काय सांगू! बोलणं समोर राहिलं, आणि सगळा हॉल आमच्या मागे येऊन बसला. खुर्च्या सरकल्या, कोणी खोकलं, कपबशा वाजल्या. साहेबांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर समाधान.

आणि मग डाव्या मागच्या स्पीकरमधून, अगदी कानाशी, एक माणूस हळूच म्हणाला,

"याची अजून किती पानं आहेत?"

दुसरा म्हणाला, "समोसे थंड झाले."

साहेबांनी डोळे उघडले. मी रिमोट शोधत होतो. ते म्हणाले, "थांब. मागे घे." मी मागे घेतलं. त्यांनी परत ऐकलं. परत घ्यायला लावलं. चौथ्या वेळी उठून उभे राहिले आणि स्पीकरकडे बोट दाखवत ओरडले,

"हा कुलकर्णी! माझ्या सहीने बढती घेतली याने!"

साहेबांनी साउंडबार घेतला. म्हणाले, त्यात मागचं काही ऐकू येत नाही ना, तेच बरं.

* * *

मी घरी एकदाच विषय काढला. मी जेवत होतो, बाबा पेपर वाचत होते.

"दुकानात या ना एकदा. घ्यायचं नाही काही, नुसतं ऐका."

"माझ्याकडे रेडिओ आहे."

"रेडिओत एक स्पीकर असतो, बाबा. इथे पाच आहेत."

"मग पाच-पाच जणांचं एकदम कशाला ऐकायचं? एकाचंच नीट ऐकलं असतंस तर आज डिग्री असती."

मी ताट उचललं आणि आत गेलो. बोलण्यात हा माणूस कधी हरत नाही. त्यांनी आयुष्यभर ऑफिसात दुसऱ्यांची टिपणं टाइप केली. स्वतःचं सगळं बोलणं त्यांनी घरासाठी साठवलंय.

* * *

दसऱ्याच्या चार दिवस आधी, दुपारी, दुकान रिकामं होतं. साउंडबारचे खोके टेम्पोतून उतरवून शेठनी डेमो रूमच्या दाराशी रचायला सुरुवात केली होती. मी खोलीतल्या वायरींवर नावं लिहीत होतो, म्हणजे काढताना गोंधळ नको.

बाबा आले. हातात मेथीची पिशवी.

"आओ, आओ साहेब!" शेठनी खोका खाली ठेवला.

"दाखव तुझी खोली," बाबा मला म्हणाले. का आले, ते मी विचारलं नाही.

मी ठरवलं होतं की वडील म्हणून नाही, गिऱ्हाईक म्हणून दाखवायचं. खुर्चीत बसवलं. आणि बाबांनी प्रश्न काय विचारावेत! या डब्याला कसं कळतं कुठला आवाज मागे द्यायचा? स्पीकर वेगळ्या कंपनीचे असले तर चालतात का? पाचांत सगळ्यात जास्त पैसे कशावर घालायचे? मी म्हणालो, मधल्यावर, कारण बोलणं त्यातून येतं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." दोन वर्षांत पहिल्यांदा! मी स्पीकर उघडून दाखवला, डब्याचं झाकण काढून दाखवलं. त्यांनी ट्रान्सफॉर्मरला बोट लावून बघितलं, गरम आहे का. शेठ दारात उभे राहून ऐकत होते.

"पस्तीसमध्ये सगळं बसेल?" बाबांनी विचारलं.

"स्पीकर साधे घेतले तर अख्खा सेट बसेल."

शेठनी मला डोळ्यांनी खूण केली, सौदा पक्का कर.

माझा एक हुकमी खेळ आहे. डबा प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने सूऽऽ असा आवाज सोडतो. गिऱ्हाइकाने डोळे मिटायचे आणि आवाज येईल तिकडे बोट करायचं. आवाज खोलीभर फिरतो, बोटही फिरतं, आणि माणूस लहान मुलासारखा हसतो. या खेळानंतर कोणी साउंडबार मागत नाही.

"डोळे मिटा, बाबा."

डावा. बाबांनी डावीकडे बोट केलं. मधला. डावीकडेच. उजवा. डावीकडे. उजवा मागचा. डावीकडे. डावा मागचा. डावीकडे.

"बाबा, नीट सांगा ना."

"नीटच सांगतोय."

शेठ पुढे आले. "वायरिंग में लोचा है क्या?"

मी प्रत्येक स्पीकरला कान लावून आलो. सगळे बरोबर. परत लावलं. पाचही वेळा डावीकडे. मी मागच्या वायरी काढून परत बसवल्या. डावा आणि उजवा स्पीकर अदलाबदल केले. डावीकडे. डबाच बदलला, साडेआठ किलोचा, दोन्ही हातांनी उचलून. अर्धा तास गेला. शर्ट भिजला. शेठ घड्याळ बघत होते. शेवटी माझ्या तोंडून निघालंच.

"दोन वर्षांनी आलात ते मला नापास करायलाच ना?"

बाबांनी डोळे उघडले. पाचही स्पीकर एकदा बघून घेतले. मग उठले, मेथीची पिशवी बाजूला ठेवली, आणि खुर्ची उचलून उलटी फिरवली. टीव्हीकडे पाठ करून बसले. डोळे मिटले.

"लाव आता."

मी लावलं. आवाज खोलीभर फिरला. बाबांनी पाच वेळा बोट केलं. पाचही वेळा पलीकडच्या भिंतीकडे, जिच्याकडे मघाशी एकदाही केलं नव्हतं. तीच आता त्यांच्या डावीकडे होती. खोलीत फिरणारा सगळा आवाज एकटा डावा कान ऐकत होता.

शेठनी बाबांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन दार हळूच ओढून घेतलं.

माझ्या हातात रिमोट तसाच होता. सूऽऽ चालूच होतं. बाबांनी डोळे उघडले, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाले,

"मग पाच कशाला देतोस? डावीकडचे दोनच दे. बजेटात बसेल."